नान्नज ते जैसलमेर: अण्णांनी शिवलेलं कॅमेरा कव्हर, पॉवर बँक आणि वाया गेलेलं सोलर पॅनल

सरळ सांगतो, धुळीत कॅमेरा न्यायचा असेल तर सात-आठ हजारांची ब्रँडेड कॅमेरा बॅग घेऊन काही होत नाही. बंद असते तोवर कुठलीही बॅग चांगलीच असते, पोराचं जुनं दप्तर पण चालतं. धूळ आत जाते ती कॅमेरा बाहेर काढल्यावर, आणि आपण एवढ्या लांब जातो ते कॅमेरा बाहेर काढायलाच ना. त्यामुळं पैसे घालायचेच तर फोटो काढताना कॅमेऱ्याच्या अंगावर राहील अशा कव्हरवर घाला आणि उरलेले लाईट नसलेल्या ठिकाणी बॅटरी कशी भरायची त्याच्यावर. हा रिव्ह्यू मुख्यतः आमच्या सोलापुरातल्या एका शिलाईच्या दुकानाचा आहे, पण त्या कव्हरबरोबर जे जे सामान फिरलं त्याचंही लिहितो, कारण एकट्या कव्हरनं भागत नाही.

दुकान बाळीवेसच्या बाजूला आहे. नाव सांगत नाही कारण बोर्डावरचं मलाच नीट वाचता येत नाही, ऊन खाऊन पार पांढरा झालाय. अण्णा रिक्षाचे हूड, बाईकचे सीट, टेम्पोच्या ताडपत्र्या शिवतात. कॅमेऱ्याचं कव्हर त्यांनी आयुष्यात शिवलं नव्हतं. मी कॅमेरा आणि मोठी लेन्स पुढं ठेवली तर त्यांनी हात पण लावला नाही, गळ्यातली टेप काढली आणि म्हणाले, "मालक, तुम्हीच धरा. फोटो काढताना कुठनं कुठनं हात घालता ते दाखवा आधी." मी डोळ्याला लावून दाखवला, झूम फिरवून दाखवलं, बॅटरीचं झाकण उघडून दाखवलं. तेवढ्यावर त्यांनी एका पुठ्ठ्यावर खडूनं आकार काढला. कंपनीच्या तयार रेनकव्हरमध्ये नेमकी हीच गोष्ट नसते, ते एकाच मापाचं सगळ्यांना घालतात, मग झूम पूर्ण लांब केली की पुढून आखडतं आणि नको तिथून उघडं पडतं.

कापडावर बराच वेळ घासाघीस झाली. त्यांना आतून मखमल लावायची होती, "कॅमेऱ्याला मऊ बसंल" म्हणून. मी नको म्हणालो, कारण मखमल, फ्लॅनेल, सुती असलं सगळं तंतू सोडतं आणि तो तंतू सरळ व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावायच्या खिडकीत) नायतर लेन्सच्या काचेवर जाऊन बसतो. मग आतून-बाहेरून छत्रीच्या कापडासारखं गुळगुळीत नायलॉन घेतलं, खाकी रंगाचं. त्यांच्याकडं कारच्या कव्हरचं चंदेरी कापड भरपूर उरलेलं होतं आणि ते स्वस्तात द्यायला तयार होते. उन्हात चंदेरीनं कॅमेरा कमी तापला असता हे खरं, पण माळरानावर ते आरशागत चमकतं आणि काळवीट अर्ध्या किलोमीटरवरनंच पाठ दाखवतं.

दुसरा वाद वेल्क्रोचा. अण्णांचं म्हणणं वेल्क्रो लावला की दोन मिनिटाचं काम. पण वेल्क्रोत धूळ आणि कुसळं अडकून ते महिन्याभरात धरायचं बंद होतं आणि मुख्य म्हणजे उघडताना चर्र करून वाजतं. शांत माळावर तो आवाज म्हणजे फोटो गेला. शेवटी पुढं लेन्सहूडच्या (लेन्सच्या तोंडावर बसवायच्या गोल कडेच्या) भोवती नाडी आणि ती आवळायला प्लॅस्टिकचं दाबाचं बटण, दोन बाजूंना हात घालायला इलॅस्टिकच्या बाह्या, मागं स्क्रीन दिसायला रिक्षाच्या पडद्याला असतं ते जाड पारदर्शक प्लॅस्टिक. शिलाई सगळी दुमडून डबल, कारण सुईच्या भोकातनं पण बारीक धूळ जाते हे त्यांनीच सांगितलं, ताडपत्रीचा अनुभव. मित्रानं बघितल्या बघितल्या विचारलं, "काय बे, कॅमेऱ्याला परकर शिवलास व्हय?" नाडी बघता त्याचं काही चुकलं नाही.

किंमत सातशेच्या आत. वेळेच्या बाबतीत मात्र जे सोलापुरात होतं तेच, "उद्या या" म्हणजे उद्या नसतं आणि "परवा नक्की" म्हणजे त्या दिवशी कापायला घेतात. गावाला जायच्या आदल्या दिवशी मागायला जाऊ नका, पंधरा दिवस हातात ठेवा.

आता टिकलं कसं ते. आमच्याकडची धूळ म्हणजे काळ्या मातीची, पिठासारखी बारीक आणि घाम लागला की चिकटणारी. नान्नजचं माळढोक अभयारण्य सोलापूरपासनं बार्शी रोडला जवळच आहे, १९७९ साली जाहीर झालेलं, आणि फेब्रुवारीनंतर तिथं गाडीमागं जी धुळीची शेपटी उठते ती गाडी थांबली की पुढं येऊन आपल्याच खिडकीतनं आत शिरते. म्हणून गाडी थांबल्यावर लगेच काच खाली करायची नाही, धूळ पुढं निघून जाऊ द्यायची, मग कॅमेरा बाहेर. त्याच्यापेक्षा अवघड परीक्षा जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर. पाणी मारलेलं असलं तरी एवढी माणसं चालल्यावर संध्याकाळी लाईटच्या झोतात धूळ नुसती तरंगताना दिसते. तिथं कव्हर घालून मनसोक्त फोटो काढले, घरी येऊन कव्हर काढलं तर बाहेरच्या बाजूला बोट फिरवलं की रेघ उठत होती आणि आत बॉडी स्वच्छ.

सगळ्यात वाईट धूळ मात्र माझ्या मते वारीत रिंगणाची. वाखरीजवळ बाजीराव विहिरीला रिंगण होतं तेव्हा घोड्यांच्या टापांनी उडालेली माती, वरनं बुक्का, आणि आषाढ असल्यामुळं मध्येच पावसाची सर. बुक्का मातीपेक्षा बारीक असतो आणि ओल्या बोटाला लागला की बटणांच्या फटीत जाऊन बसतो. इथं कव्हरच्या बाह्यांचा फायदा कळला, हात आत, बटणं आत, बाहेर फक्त लेन्सचं तोंड. कव्हर नंतर बादलीत बुडवून धुतलं, तासाभरात वाळलं.

खोट आहे की. मागचं पारदर्शक प्लॅस्टिक उन्हानं पिवळं पडतं आणि त्याच्यावर बारीक चरे येतात, म्हणजे स्क्रीनवर फोटो शार्प आलाय का नाही हे त्याच्यातनं कळत नाही, नुसतं काढलाय एवढं कळतं. टचस्क्रीन चालत नाही. भर दुपारी आत कॅमेरा तापतो, आणि बहुतेक कॅमेऱ्यांच्या मॅन्युअलमध्ये वापरायचं तापमान ४० डिग्रीपर्यंतच लिहिलेलं असतं, आमच्याकडं एप्रिलमध्ये सावलीतच तेवढं असतं. व्हिडिओवाल्यांनी तर हे कव्हर घालून लांब क्लिप घेऊच नये. ट्रायपॉडच्या पायासाठी ठेवलेलं भोक जरा मोठं झालंय, तिथं मी रुमाल कोंबतो. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "आणा, त्याला बी नाडी लावतो," अजून गेलो नाही.

एक गैरसमज इथं काढून टाकतो कारण दुकानात सगळे हेच सांगून बॉडी विकतात. वेदर सील्ड (सांध्यांना रबर लावलेलं) म्हणजे धूळरोधक नाही. धूळ-पाण्याचं अधिकृत माप आयपी नंबरानं सांगतात, त्यातला पहिला आकडा धुळीचा आणि दुसरा पाण्याचा, पहिला आकडा ६ असला तरच धूळ अजिबात आत जात नाही असा अर्थ. फोनवर आयपी ६८ लिहिलेलं असतं ते हेच. कॅमेऱ्यांवर मात्र बहुतेक कंपन्या असला नंबर देतच नाहीत, नुसतं सील्ड म्हणतात, आणि मोजक्या कॅमेऱ्यांना दिलाय, त्यातल्या ओएम सिस्टिम कंपनीच्या ओएम-१ ला पण तो आयपी ५३ आहे, म्हणजे धुळीचा आकडा ५, थोडी जाईल पण बिघाड होण्याइतकी नाही. शिवाय सील बॉडीला आणि लेन्सला दोघांनाही पाहिजे, एकाला असून उपयोग नाही.

आणि पक्ष्यांसाठी आपण सगळे जी लांब होणारी झूम लेन्स वापरतो ती झूम करताना हवा आत ओढते आणि परत आखडताना बाहेर सोडते, त्या हवेबरोबर धूळही येते. धुळीत विनाकारण झूम मागंपुढं करायची नाही. मी गाडी चालू असताना झूम पूर्ण आत घेऊन लॉक करतो आणि फोटोला एकदा लांब केली की तिथंच ठेवतो. कव्हर लेन्सच्या सांध्यावरनं पूर्ण जातं म्हणून हा त्रास निम्म्यानं कमी झाला, तयार रेनकव्हरचा हाच भाग तोकडा असतो.

लेन्स बदलणं हा विषयच बाहेर बंद ठेवा. अगदीच वेळ आली तर गाडीत, काचा वर, एसी आणि ब्लोअर दोन्ही बंद करून दोन मिनिटं थांबून, कॅमेरा स्विच ऑफ करून, तोंड खाली धरून. एसी चालू ठेवून बदलणारे लई लोक बघितले, त्या व्हेंटमधनं गाडीतली सगळी धूळ फिरत असते राव. ज्या मिररलेसमध्ये (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात) बंद केल्यावर शटर खाली येतं तो बरा, नायतर लेन्स काढली की सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारा भाग, सरळ उघडाच.

टॉवेलचं सांगायचं राहिलं. सोलापुरात राहून टॉवेलचं कौतुक नाही केलं तर लोक हसतील. रोंयादार टेरी टॉवेल ओला करून घट्ट पिळून गाडीच्या मागच्या सीटवर बॅगेवर टाकायचा. धूळ त्याच्या रोंयात बसते, बॅगेवर नाही, आणि कोरड्या हवेत पाणी उडताना बॅग थंड राहते. अट एकच, आतलं सामान तोंड गुंडाळायच्या ड्राय बॅगेत पाहिजे, उघड्या बॅगेवर ओला टॉवेल टाकू नका. ड्राय बॅग ट्रेकिंगवाल्यांकडं मिळते, दहा लिटरची सहा-सातशेला, तोंडाला तीन घड्या घालून क्लिप लावली की झालं. तीन म्हणजे तीन, एका घडीनं धूळ थांबत नाही. चेनच्या बॅगेत वाळू गेली की चेन अडकते, तिला मेणबत्ती घासून ठेवली की बरेच दिवस सुरळीत सरकते, हेही अण्णांकडनंच.

साफ करताना फडकं सगळ्यात शेवटी. वाळूचा कण म्हणजे बहुतेक गारगोटी, तो काचेपेक्षा कठीण असतो, वाळू असताना फडकं फिरवलं की लेन्सवर पॉलिश पेपर मारल्यासारखंच. आधी हवा मारायचा रबरी ब्लोअर, मग मऊ ब्रश, मग फडकं. ब्लोअर मोठा घ्या, रॉकेटच्या आकाराचा, चिमुकल्या ब्लोअरनं नुसतं समाधान होतं. तोंडानं फुंकर मारू नका, थुंकीचे थेंब जातात. कच्छच्या छोट्या रणात जाणारे असाल तर तिथल्या धुळीत मीठ असतं, तिथनं आल्यावर बॉडी आणि ट्रायपॉड हलक्या ओल्या फडक्यानं पुसल्याशिवाय ठेवायचं नाही, धातूचे भाग गंजतात.

आता पॉवर. खरं तर दुर्गम भागात कॅमेरा धुळीनं कमी आणि बॅटरी संपल्यानं जास्त बंद पडतो. नान्नजला आता माळढोक दिसणं म्हणजे लॉटरीच, जगातच दीडशेच्या आसपास उरलेत, म्हणून सोलापूरचे आमच्यासारखे लोक माळढोक बघायला राजस्थानात जैसलमेरला जातात, आपल्याच पक्ष्यासाठी एवढा लांब प्रवास. तिकडं त्याला गोडावण म्हणतात. डेझर्ट नॅशनल पार्क ३१६२ चौरस किलोमीटरचं, जैसलमेर-बाडमेर दोन जिल्ह्यांत पसरलेलं, आणि आतल्या ढाणीत, म्हणजे वस्तीवर, राहिलं तर लाईट कधी येईल कधी जाईल काही नेम नाही. आम्ही उतरलो होतो तिथं जनरेटर संध्याकाळी काही तास, आणि खोलीत पिन एकच. त्या एका पिनवर तिघांचे फोन, दोघांचे कॅमेरे आणि एकाचा लॅपटॉप. मल्टिप्लगचा बोर्ड बरोबर होता म्हणून निभावलं, हा दोनशे रुपयांचा बोर्ड विसरू नका.

पॉवर बँक घेताना सगळे एमएएच बघतात आणि तिथंच गणित चुकतं. माझी पॉवर बँक २०००० एमएएचची, कॅमेऱ्याची बॅटरी साधारण २२०० एमएएचची. भागाकार केला तर नऊ वेळा भरायला पाहिजे, दुकानदार पण तेच सांगतो. प्रत्यक्षात तीन वेळा भरते, फार तर साडेतीन. कारण पॉवर बँकेचे एमएएच ३.७ व्होल्टवर मोजलेले असतात आणि कॅमेऱ्याची बॅटरी ७.२ व्होल्टची असते. दोन्हीचे वॉट-अवर, म्हणजे आत एकूण वीज किती मावते ते, काढा: पॉवर बँक २० गुणिले ३.७ म्हणजे ७४ वॉट-अवर, कॅमेऱ्याची बॅटरी २.२ गुणिले ७.२ म्हणजे १६ च्या आसपास. त्यात व्होल्टेज वरखाली करताना आणि उष्णतेत तिसरा हिस्सा तर जातोच, उरले पन्नासच्या आत, भागिले सोळा, म्हणजे तीन. बॅटरीवर आणि पॉवर बँकेवर बारीक अक्षरात हे वॉट-अवर छापलेले असतात, तेच बघून घ्या.

विमानाचं पण गणित ह्याच वॉट-अवरवर. १०० पर्यंतची पॉवर बँक विनापरवानगी नेता येते, १०० ते १६० ला एअरलाईनला विचारावं लागतं आणि कुठलीही असली तरी हातातल्या बॅगेतच, चेक-इनमध्ये टाकायची नाही. ३०००० एमएएच म्हणजे १११ वॉट-अवर होतात, म्हणून ती एक मोठी घेण्यापेक्षा २०००० च्या दोन घेतलेल्या बऱ्या, एक बिघडली तरी दुसरी असते.

दुसरी गोष्ट पीडी, म्हणजे पॉवर डिलिव्हरी, जास्त वॉट देणारं चार्जिंग. पॉवर बँकेवर यूएसबी-सी पीडी लिहिलेलं पाहिजे, कारण काही कॅमेरे साध्या यूएसबीवर बॉडीत बॅटरी भरूनच घेत नाहीत, लाल-हिरवा दिवा लागतो आणि विझतो, माणूस समजतो केबल गेली. केबल पण पीडीची पाहिजे, गल्ल्यावर टांगलेली शंभर रुपयाची नको. मी मात्र बॉडीत भरण्यापेक्षा दोन बॅटऱ्यांचा छोटा यूएसबी चार्जर वापरतो, म्हणजे बॅटरी भरत असताना कॅमेरा मोकळा राहतो आणि पोर्टवरचं रबराचं झाकण धुळीत उघडं ठेवावं लागत नाही. ह्या चार्जरनं माझं काम सगळ्यात जास्त सोपं केलं असं म्हणायला हरकत नाही.

गाडी असेल तर दिवसभर फिरताना गाडीच भरून देते. पण जुन्या बोलेरोच्या स्वतःच्या यूएसबी पोर्टमधनं इतका कमी करंट येतो की जीपीएस लावून फोन चार्जिंगला लावला तर उतरतच जातो. १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये घालायचा ३० वॉटच्या वरचा पीडी अडॅप्टर स्वतःचा न्यायचा. आणि तिकडच्या गाड्यांचं ते सॉकेट वाळूनं भरलेलं असतं, आधी ब्लोअरनं फुंकून घ्या, नायतर अडॅप्टर बसतो पण लागत नाही. आमच्या ड्रायव्हरच्या गाडीत सॉकेटमध्ये बडीशेप निघाली, ती वेगळी गोष्ट.

सोलर पॅनल. घडीचं, बॅगेला मागं अडकवायचं, २१ वॉट लिहिलेलं. कंपनीचं नाव घेत नाही. जाहिरातीत एक मुलगी ते पाठीवर लावून डोंगर चढते आणि फोन फुल्ल होतो. पाठीवर लावून चालताना त्याला सूर्य कधी सरळ दिसतच नाही, त्यामुळं तसं काही भरत नाही. जमिनीवर सूर्याकडं तोंड करून ठेवलं तर भर दुपारी दहा-बारा वॉट मिळाले, ते पण पॅनल पुसत राहिलं तर, कारण जिथं ऊन भरपूर तिथं धूळ पण भरपूर आणि धूळ बसली की आउटपुट पडतं. वर सिलिकॉनचं पॅनल तापलं की कमी देतं, २५ डिग्रीच्या वर प्रत्येक डिग्रीला पाव ते अर्धा टक्का, आणि वाळवंटातल्या उन्हात पॅनल हात ठेवता येत नाही इतकं तापतं. हिशोब करा, ७४ वॉट-अवरची पॉवर बँक त्याच्यावर भरायला दोन दिवस दुपारभर पॅनलजवळ बसून राहावं लागेल, मग पक्षी कोण बघणार. ढग आला की करंट तुटतो, म्हणून सरळ कॅमेऱ्याला लावायचं तर नाहीच, मध्ये पॉवर बँक पाहिजे. जे गाडी सोडून आठवडाभर एकाच तळावर राहतात त्यांना उपयोगी असेल, आपल्यासारख्या जीपमधनं फिरणाऱ्यांना नाही. ते पॅनल आता पुतण्या गच्चीवर खेळण्यातला पंखा फिरवायला वापरतो.

बॅटरी जास्तीच्या घ्या, पण कुठल्याही घेऊ नका. ऑनलाइन एका स्वस्त कंपनीच्या दोन घेतल्या होत्या, वर छापलेली कपॅसिटी ओरिजिनलपेक्षा जास्त आणि चालायची निम्मी. त्यातली एक उन्हाळ्यात फुगून कॅमेऱ्याच्या ग्रिपमध्येच (बॅटरी बसते त्या मुठीत) अडकली, चिमट्यानं हळूहळू काढावी लागली. कस्टमर केअरवाले म्हणाले फोटो पाठवा, फोटो पाठवले, मग गायब. ओरिजिनल महाग पडते पण फुगलेली बॅटरी ही चेष्टा नाही. बंद गाडीत उन्हात बॅटऱ्या आणि पॉवर बँक ठेवायच्या नाहीत, आमच्याकडं मे महिन्यात पार्क चौकात तासभर गाडी लावली तरी डॅशबोर्डवर हात टेकवत नाही. उलट जैसलमेरला थंडीत पहाटे बॅटरी लवकर उतरलेली दाखवते, ती खिशात अंगाच्या उबेला ठेवली की परत जरा चालते. लडाख-स्पितीला जाणाऱ्यांनी हे जास्त लक्षात ठेवावं, आणि शून्याखाली गेलेली बॅटरी तशीच चार्जिंगला लावू नये, आधी उबेला येऊ द्यावी.

वापर कमी करणं फुकट आहे पण कोणी करत नाही. वायफाय, ब्लूटूथ, जीपीएस बंद, म्हणजे सरळ एअरप्लेन मोड. फोटो काढल्यावर दोन सेकंद दिसतो तो रिव्ह्यू बंद. ऑटो ऑफ कमीत कमी वेळेला. मिररलेसचा व्ह्यूफाइंडर डोळा लावलेला असेपर्यंत बॅटरी खातच असतो, जुन्या, आरशाच्या डीएसएलआरवाल्या मित्राची एक बॅटरी संपेपर्यंत माझ्या दोन व्हायच्या, आणि तो ते दिवसातनं चार वेळा ऐकवायचा.

परत आल्यावर सेन्सर बघायचा असेल तर एफ १६ ला (लेन्सचं छिद्र बारीक करून) ठेवून मोकळ्या आभाळाचा, फोकस बिघडवून, एक फोटो काढा आणि कॉम्प्युटरवर मोठा करून बघा, काळे ठिपके दिसले तर आधी कॅमेऱ्यातलं सेन्सर क्लीनिंग, मग ब्लोअर. त्यानं गेले नाहीत तर मी स्वतः ओला स्वॅब (सेन्सर पुसायची काडी) लावत नाही, पुण्याला पाठवतो. अण्णांचं कव्हर आल्यापासून तशी वेळ कमी येते, पण येते, झूम लेन्स आहे तोवर येणारच.

मार्क द्यायचे तर अण्णांच्या कामाला पाचपैकी चार, एक कापला तो पिवळ्या प्लॅस्टिकचा आणि "उद्या या"चा मिळून. ड्राय बॅग आणि दोन बॅटऱ्यांचा यूएसबी चार्जर, दोघांना पैकीच्या पैकी. पॉवर बँक चार. पॅनलला अर्धा, तो पण पुतण्यामुळं.

जाणार असाल तर दुपारी एक ते चार जाऊ नका, अण्णा जेवून मशीनजवळच आडवे झालेले असतात आणि उठवलं तर माप चुकतं. कॅमेरा, जी सगळ्यात मोठी लेन्स वापरता ती हूड लावून, आणि ट्रायपॉडची प्लेट लावलेली घेऊन जा, झूम पूर्ण लांब करून माप द्या. मागच्या खिडकीला रिक्षाचं प्लॅस्टिक नको म्हणून आधीच सांगा, टेबलावर घालतात ते जरा पातळ आणि जास्त स्वच्छ असतं, ते स्वतः चाटी गल्लीतनं घेऊन गेलात तर लावून देतात. ॲडव्हान्स अर्धा घेतात, पावती देत नाहीत, माप लिहिलेला पुठ्ठा मात्र जपून ठेवतात, म्हणजे दुसरं कव्हर पाहिजे असेल तर कॅमेरा न नेता फोनवर पण काम होतं.